वऱ्हाडातली पारध

फासेपारधी या नावातच त्या समाजाचे साधन आहे. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीच्या सपाटीवर त्यांची शिकार बंदुकीपेक्षा फासा, जाळे आणि पाखरा-जनावरांच्या सवयींची पक्की जाण यांवर चाले. तितरासाठी बांबूच्या कामट्या ओळीने रोवत आणि त्यांना घोड्याच्या केसांची सरकती गाठ बांधत. जवळच्या पिंजऱ्यातला पाळीव तितर ओरडू लागे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, असे समजून रानातला तितर धावून येई आणि गाठीत पाय अडकवून घेई. पारध्यांपैकीच गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हरणांच्या कळपाकडे सरकत. गाय चरत चरत पुढे जाई, माणूस तिच्या पावलाशी पाऊल जुळवी. इतके बारीक निरीक्षण हीच या लोकांची खरी विद्या.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे पारध्यांवरही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा उघड अन्याय होता. 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागू झाला. मेळघाटच्या जंगलात मात्र मचाण आणि हाकाऱ्यांच्या बळावर इंग्रज साहेबांची शिकार चालू राहिली.

1952 मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि लवकरच मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यप्राणी वाचवणे गरजेचेच होते, पण पारध्यांच्या हाती दुसरा धंदा नव्हता. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे त्यांच्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या आश्रमशाळेचे नाव आहे ‘प्रश्नचिन्ह’.