चढ, गिअर आणि कमीपणा

आमच्याकडे सातपुड्याच्या रस्त्याने सायकल चढवत कुणी आला की लोक पहिलं विचारतात, "मध्ये उतरावं लागलं का?" जणू चढाची सगळी परीक्षा एवढ्या एका प्रश्नात आहे. हा प्रश्न बराच जुना आहे आणि तो आपला एकट्याचा नाही.

1910 साली टूर द फ्रान्स ही शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून गेली. त्यातली टुर्माले ही खिंड 2115 मीटर उंच. आपलं तोरणमाळ साधारण 1150 मीटरवर आहे, म्हणजे जवळपास दुप्पट. रस्ता कच्चा, सायकली जड. गुस्ताव गारिगू ती खिंड एकदाही न उतरता चढला आणि त्याचं कौतुक झालं. ऑक्ताव लापीझ मात्र काही ठिकाणी उतरून चालला. त्या वर्षीची शर्यत जिंकली ती लापीझने.

गिअर तेव्हा नव्हते असं नाही. पॉल द विव्ही नावाचा फ्रेंच गृहस्थ त्यांचा प्रचार करून थकला होता. पण शर्यतीचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे लबाडी वाटे. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी खुशाल वापरावेत, असं त्यांचं मत. (मी त्या हद्दीच्या जवळ आहे, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागतं.) चढाच्या पायथ्याशी थांबायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचं जास्त दात्यांचं चक्र साखळीला मिळे. साखळी हलवणाऱ्या गिअरना परवानगी मिळाली थेट 1937 साली. इतकी वर्षं लोकांचे गुडघे एका माणसाच्या अभिमानापायी झिजले.

माउंटन बाइकची गोष्ट तर उलटीच. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या जाडजूड सायकली ट्रकमध्ये घालून डोंगरावर न्यायचे आणि सुसाट खाली यायचे. गॅरी फिशरसारख्यांनी त्यांना गिअर बसवले, तेव्हा त्या सायकली वरही जाऊ लागल्या. उर्दूत 'नशेब-ओ-फराज' म्हणतात, त्यात उतार आधी येतो, मराठीत 'चढउतार'. माउंटन बाइक उर्दूच्या क्रमाने जन्मली म्हणायची.

आता हिशेब. माझ्या काळ्या सायकलीला पुढे 44 दाते, मागे 18. पेडलचा एक फेरा मारला की ती साडेपाच मीटरच्या आसपास जाते. पुढे 32 आणि मागे 50 दाते असलेली आजची माउंटन बाइक त्याच फेऱ्यात जेमतेम दीड मीटर सरकते. डोंगराची उंची काही कमी होत नाही, फक्त घास लहान होतात.

बाकी तंत्र म्हणजे घास नीट खाणं. गिअर चढ लागण्याआधी बदलायचा. पाय अडल्यावर बदलला तर साखळी करकरते. सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकायचं, कोपरं वाकवून छाती खाली आणायची. फार मागे बसलं तर पुढचं चाक उचलतं, उभं राहून फार पुढे झुकलं तर खडीवर मागचं घसरतं. आणि नजर माथ्यावर नको, पुढच्या वळणापर्यंतच. तोरणमाळच्या घाटाला 'सात पायरी' नाव देणाऱ्यांना हे ठाऊक असावं. अख्खा डोंगर मनात मावत नाही, पायरी मावते.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आले आहेत. हा किताब मला आवडतो. पण आमच्या जिल्ह्यात रोज चढ चढतात त्या शाळकरी मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, आणि फार चांगलं होतं. मी पाहतो त्या सायकलींना गिअर नसतात. पाड्याकडे जाताना मुली उतरतात, ढकलतात आणि मुलं हसतात.

मी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला. मागे 18 ऐवजी 22 दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर साडेपाच मीटरचे साडेचार होतात. साखळीची एखादी कडी वाढवावी लागेल, सपाटीवर पाय जास्त फिरतील. लापीझचंही सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, फ्रीव्हील केवढ्याला येतं?"