डुक्कर आणि पद्मिनी

फियाट मोटारीच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांची तुलना करूं गेल्यास प्रथमच अडचण येते ती ही, कीं नवी म्हणावयाची कोणती? इटलींत १९५३ सालीं निघालेली 'अकराशें' मोटार पुढल्याच वर्षीं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत जुळूं लागली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ त ही कंपनी काढली. पण १९५३ तच ते निवर्तले. गोल पाठ व पुढें आलेलें तोंड पाहून आमच्या लोकांनीं या मोटारीस 'डुक्कर' म्हटलें. यांत अनादर मानावयाचें कारण नाहीं. खुद्द इटालियनांनीं १९३६ च्या आपल्या चिमुकल्या फियाटला 'टोपोलिनो', म्हणजे छोटा उंदीर, असेंच म्हटलें होतें.

डुकराच्या पुढल्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबास असत, म्हणून दारें उलट दिशेनें उघडत. जुन्या पद्धतीच्या लुगड्यांतील आजीबाईंस उतरावयास हें फार सोयीचें. मात्र चालत्या गाडींत कडी निसटली तर वारा तें दार सताड उघडी. पुढें ही रचना बदलली. १९६४ त आलेल्या 'डिलाइट'चें अंग चौकोनी झालें, आणि सत्तरीच्या आरंभीं फियाटशीं असलेला करार सरल्यावर 'प्रेसिडेंट' व मग १९७४ त 'पद्मिनी' अशीं तिचीं बारशीं झालीं. परंतु झांकण उघडून पाहावें, तों आंत तेंच १०८९ सी. सी.चें एंजिन! सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर तोच, आणि पुढें तिघे बसतील असें सलग बाकही तेंच. चितोडच्या राणीचें नांव धारण करणारी ही मोटार आंतून डुकराची सख्खी बहीणच होती.

इटलींत १९६९ त 'अकराशें'ची जागा १२८ क्रमांकाच्या नव्या मोटारीनें घेतली. तेथें ग्राहक दुसऱ्या दुकानीं जाऊं शकत होता. येथें परदेशी मोटारींस दार बंद, कारखान्यांस परवान्याची मर्यादा, आणि ग्राहकास नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणें. अशा स्थितींत सुधारणा करावी कोणासाठीं? संरक्षणानें उद्योग जगला, परंतु संरक्षणास मुदत न घातल्यानें तो सुस्तावला, असें आमचें स्पष्ट मत आहे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती आली, तेव्हां तें उघडें पडलें.

तथापि एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. तीस-चाळीस वर्षें यंत्र न बदलल्यामुळें तें कारागिरांस तोंडपाठ झालें. ओतकामाची विद्या अंगीं मुरलेल्या आमच्या कोल्हापुरांत तर फियाट नादुरुस्त झाली म्हणून कोणाचा जीव टांगणीस लागत नसे. आजची मोटार दुरुस्तीस नेली असतां मिस्त्री प्रथम संगणक जोडतो. ती अधिक सुरक्षित आहे, तेल कमी पिते, हें निर्विवाद. पण मालक व मिस्त्री दोघेही तिच्यापुढें पूर्वीपेक्षां अडाणी झाले आहेत.

पद्मिनीचें उत्पादन २००० च्या सुमारास थांबलें. मुंबईंत तिची शेवटची टॅक्सी २००३ त नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.