१९८७ क्रिकेट विश्वचषक उपांत्य सामना, भारत वि. इंग्लंड

१९८७ क्रिकेट विश्वचषक स्पर्धेतील भारत विरुद्ध इंग्लंड हा उपांत्य सामना ५ नोव्हेंबर १९८७ रोजी मुंबईतील वानखेडे स्टेडियमवर खेळला गेला. इंग्लंडने तो ३५ धावांनी जिंकला आणि गतविजेता व सहयजमान असलेला भारत स्पर्धेतून बाहेर पडला. सुनील गावसकर यांचा हा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. सामनावीर ग्रॅहम गूच यांनी भारतीय फिरकीविरुद्ध स्वीप या फटक्याचा जो वापर केला, त्यामुळे घरच्या मैदानाचा लाभ आणि डावपेच यांच्या चर्चेत या सामन्याचा उल्लेख हटकून होतो.

पार्श्वभूमी

भारत व पाकिस्तान यांनी संयुक्तपणे भरवलेली ही स्पर्धा रिलायन्स चषक या नावाने ओळखली जाते. इंग्लंडबाहेर झालेला हा पहिला विश्वचषक होता. आधीच्या तीन स्पर्धांत प्रत्येक संघाला ६० षटके मिळत. या स्पर्धेत ती ५० करण्यात आली.

मुंबईतील सामना भारताला आपोआप मिळालेला नव्हता. 'अ' गटात भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचे गुण सारखे होणार होते आणि अव्वल कोण हे धावगतीवर ठरणार होते. गटात पहिला येणारा संघ मुंबईत इंग्लंडशी खेळणार होता, तर दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला लाहोरला जाऊन पाकिस्तानशी, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, झुंजावे लागणार होते. ३१ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे न्यूझीलंडने भारतापुढे २२२ धावांचे लक्ष्य ठेवले. त्या सामन्यात चेतन शर्मा यांनी विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक साधली होती. गटात अव्वल येण्यासाठी हे लक्ष्य ४२.२ षटकांत गाठणे आवश्यक होते. भारताने ते ३२.१ षटकांतच पार केले. अंगात ताप असतानाही गावसकर यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचे हे एकमेव शतक होय. संथ खेळाबद्दल ज्यांना नावे ठेवली गेली, त्याच फलंदाजाने घरच्या मैदानावर खेळण्याचा हक्क वेगवान शतकाने मिळवून दिला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

घरच्या मैदानाचा लाभ

क्रिकेटमध्ये यजमान संघाला मिळणारा लाभ केवळ प्रेक्षकांच्या पाठिंब्यापुरता नसतो. फुटबॉल किंवा हॉकीचे मैदान कुठेही गेले तरी बहुतांशी सारखेच असते. क्रिकेटची खेळपट्टी मात्र त्या त्या ठिकाणच्या मातीची आणि हवामानाची असते. भारतातील कोरड्या खेळपट्ट्यांवर चेंडू कमी उसळतो आणि फिरकी घेतो. अशा चेंडूंवर लहानपणापासून खेळलेला फलंदाज आणि इंग्लंडच्या ओलसर, हिरवळीच्या खेळपट्ट्यांवर घडलेला फलंदाज यांच्या पायांच्या हालचालींतच फरक पडतो.

भारताची आशा या फरकावरच उभी होती. मनिंदर सिंग आणि मुंबईचेच रवी शास्त्री हे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज मिळून २० षटके टाकणार, म्हणजे इंग्लंडच्या डावाचा दोन-पंचमांश भाग त्यांच्या हाती असणार, असा साधा हिशेब होता.

इंग्लंडचा डाव

भारताचे कर्णधार कपिल देव यांनी नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले. इंग्लंडचे दोन गडी ७९ धावांत बाद झाल्यावर गूच आणि कर्णधार माइक गॅटिंग यांनी तिसऱ्या गड्यासाठी ११७ धावांची भागीदारी केली. गूच यांनी १३६ चेंडूंत ११ चौकारांसह ११५ धावा केल्या, तर गॅटिंग यांनी ५६. शेवटी ॲलन लॅम्ब यांच्या नाबाद ३२ धावांमुळे इंग्लंडने ६ बाद २५४ अशी मजल मारली. मनिंदर यांनी ५४ धावांत ३ बळी घेतले. शास्त्री यांना ४९ धावा देऊन एकही बळी मिळाला नाही.

गूच यांनी या खेळीची तयारी आधीच केली होती. सामन्यापूर्वीच्या सरावात स्थानिक डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांना गोलंदाजी करायला लावून त्यांनी स्वीपचा फटका घोटून घेतला होता. म्हणजे यजमानांच्याच भूमीवरील गोलंदाज पाहुण्यांच्या उपयोगी पडले.

हा डावपेच नेमका काय होता, हे समजून घेण्यासारखे आहे. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यानंतर उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर, ऑफच्या बाजूला वळतो. तो उभ्या बॅटीने खेळताना चेंडू किती वळेल याचा अंदाज चुकला, तर झेल उडतो किंवा यष्टिचीत होण्याची वेळ येते. स्वीप करणारा फलंदाज पुढचा गुडघा वाकवून, टप्प्याच्या अगदी जवळ, चेंडू वळण्यापूर्वीच तो लेगच्या बाजूला वळवतो. त्यामुळे गोलंदाजाचे मुख्य अस्त्रच बोथट होते. खेळपट्टीवर उसळी कमी असली की हा फटका अधिकच सुरक्षित होतो. जी संथ खेळपट्टी भारताला हवी होती, तीच येथे गूच यांच्या पथ्यावर पडली.

त्याला आणखी एका नियमाची साथ असते. फलंदाज फटका मारण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत असताना चेंडू ऑफ यष्टीच्या बाहेर पॅडवर लागला, तर त्याला पायचीत देता येत नाही. गूच ऑफच्या बाहेरचे चेंडूही ओढून लेगला मारत होते, त्यामुळे फटका हुकला तरी धोका मर्यादित राहत होता. लेगच्या सीमेवर क्षेत्ररक्षक वाढवावेत तर ऑफची बाजू मोकळी पडे.

भारताचा डाव

२५५ धावांचे लक्ष्य त्या काळी अवघड असले तरी आवाक्याबाहेरचे नव्हते. गावसकर केवळ ४ धावांवर फिलिप डिफ्रेटस यांच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले. ज्या शहरात ते वाढले तेथे त्यांची कारकीर्द अशी संपली. कृष्णम्माचारी श्रीकांत (३१), नवज्योत सिद्धू (२२) आणि चंद्रकांत पंडित (२४) यांनी सुरुवात करूनही मोठी खेळी केली नाही. मोहम्मद अझरुद्दीन यांनी ६४ धावा करून एक बाजू लावून धरली.

कपिल देव यांनी ३० धावा वेगाने केल्या. मात्र एडी हेमिंग्ज या ऑफस्पिन गोलंदाजाला मिडविकेटच्या सीमेकडे उचलून मारताना गॅटिंग यांनी त्यांचा झेल घेतला. त्या वेळी धावसंख्या ५ बाद १६८ होती, म्हणजे ८७ धावा हव्या होत्या. पुढे अझरुद्दीन व शास्त्री यांनी ती २०४ पर्यंत नेली. तेथे अझरुद्दीन हेमिंग्ज यांच्याच चेंडूवर पायचीत झाले आणि अखेरचे पाच गडी अवघ्या १५ धावांत गळाले. भारताचा डाव ४५.३ षटकांत २१९ धावांवर आटोपला. हेमिंग्ज यांनी ५२ धावांत ४, तर नील फॉस्टर यांनी ४७ धावांत ३ बळी घेतले.

वादाचे मुद्दे

पराभवाचे खापर कोणावर फोडावे, यावर क्रिकेटरसिकांत एकमत झालेले नाही. कपिल यांचा तो फटका हा सर्वाधिक चघळलेला विषय आहे. पण आकडे थोडे वेगळे सांगतात. डाव संपला तेव्हा २७ चेंडू शिल्लक होते आणि ३६ धावा हव्या होत्या; कमतरता गडी हाताशी नसण्याची होती, वेगाची नव्हे. त्या दृष्टीने कपिल यांच्यापेक्षा शेवटच्या पडझडीची चिकित्सा अधिक व्हायला हवी. अर्थात कर्णधाराने घाई केली नसती तर पडझडीची वेळच आली नसती, हे विरुद्ध मतही तितकेच सयुक्तिक आहे.

दुसरा मुद्दा नाणेफेकीचा. या स्पर्धेतील दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघानेच जिंकले. हा युक्तिवाद भक्कम वाटतो. परंतु याच भारताने पाच दिवस आधी नागपूरला धावांचा पाठलाग किती सहज केला होता, हे विसरून चालत नाही.

तिसरा मुद्दा दिलीप वेंगसरकर यांच्या अनुपस्थितीचा. मुंबईचेच असलेले हे मधल्या फळीतील फलंदाज पोटाच्या विकारामुळे खेळू शकले नाहीत. दोन्ही प्रमुख फिरकी गोलंदाज एकाच प्रकारचे असल्याने गूच यांना एकाच फटक्यावर विसंबता आले, याची चर्चा मात्र तुलनेने कमी होते. वस्तुतः डावपेचांच्या दृष्टीने हाच मुद्दा कळीचा आहे.

नंतरच्या घडामोडी

आदल्याच दिवशी, ४ नोव्हेंबर रोजी, लाहोर येथे पाकिस्तानही ऑस्ट्रेलियाकडून १८ धावांनी पराभूत झाला होता. दोन्ही यजमान आपापल्या मैदानावर लागोपाठच्या दिवशी हरले आणि भारत-पाकिस्तान अंतिम सामन्याचे स्वप्न भंगले. कोलकात्यातील अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने इंग्लंडवर ७ धावांनी मात केली. तेथे गॅटिंग ४१ धावांवर ॲलन बॉर्डर यांच्या पहिल्याच चेंडूवर रिव्हर्स स्वीप मारताना झेलबाद झाले. मुंबईत स्वीपने तारलेल्या संघाला कोलकात्यात त्याच्याच उलट्या रूपाने दगा दिला. स्पर्धेनंतर भारताचे कर्णधारपद वेंगसरकर यांच्याकडे गेले.

वानखेडेवर भारताला विश्वविजेतेपद मिळाले ते २ एप्रिल २०११ रोजी. श्रीलंकेच्या ६ बाद २७४ धावांना भारताने ४ बाद २७७ असे उत्तर दिले. मुथय्या मुरलीधरन यांच्या ऑफस्पिनचा विचार करून कर्णधार महेंद्रसिंह धोनी डावखुऱ्या युवराज सिंग यांच्याआधी फलंदाजीस आले व ९१ धावांवर नाबाद राहिले. आपल्याच देशात अंतिम सामना जिंकणारा भारत हा पहिला संघ ठरला. पुढे २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने मेलबर्नला आणि २०१९ मध्ये इंग्लंडने लॉर्ड्‌सवर हेच केले.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथील अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचे कर्णधार पॅट कमिन्स यांनी नाणेफेक जिंकून भारताला प्रथम फलंदाजी दिली. संथ खेळपट्टीवर भारत २४० धावांत बाद झाला. रात्री फलंदाजी सोपी झाल्यावर ट्रॅव्हिस हेड यांच्या १३७ धावांच्या बळावर ऑस्ट्रेलियाने ६ गडी राखून विजय मिळवला. यजमानांना अनुकूल मानलेली खेळपट्टी पाहुण्यांच्या कामी आल्याची चर्चा तेव्हा पुन्हा रंगली.