नगरचा श्रीकृष्ण

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. ‘तुम्ही मराठीत कसे?’ असे कुणी विचारले की मी शाहू मोडकांचे नाव घेतो. मित्रहो, हे आमच्या नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. जन्म १९१८चा, मराठी ख्रिस्ती घरातला. भालजी पेंढारकरांनी १९३२ साली ‘श्यामसुंदर’मध्ये त्यांना कृष्ण केले, दामले-फत्तेलालांनी १९४०मध्ये ज्ञानेश्वर. पुढे कृष्ण तर त्यांनी कितीदा तरी रंगवला.

मला मात्र शांतारामबापूंच्या ‘माणूस’मधला (१९३९) त्यांचा गणपत शिपाई अधिक जवळचा. चारच वर्षांपूर्वी बरुआंचा ‘देवदास’ दारूत बुडाला होता. इथे मैना तुरुंगातून सोडवून घ्यायलाही नकार देते, आणि तरी बापू गणपतला मरू देत नाहीत.