ऑनर्स विद्यार्थी आणि वैद्यकीय संशोधनाचे पहिले वर्ष : टोरांटो १९२१-२२ (एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी शिक्षणाला चौथ्या वर्षाची जोड मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास ‘संशोधनासह ऑनर्स’ हा पर्याय खुला असून, त्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प विहित आहे. तत्पूर्वी नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम. फिल. पदवी बंद झाली. प्रस्तुत लेखकाच्या पिढीतील अनेकांनी साधने पारखणे, टिपणे ठेवणे, मार्गदर्शकाकडून मसुदा परत घेणे या गोष्टी एम. फिल. च्या काळातच शिकून घेतल्या. ते शिक्षण आता पदवीच्या चौथ्या वर्षात द्यावयाचे आहे. अशा वेळी, पदवीचा विद्यार्थी एका वर्षात संशोधनाचे नेमके काय शिकू शकतो, हा प्रश्न इतिहासाला विचारणे उचित ठरते.

उद्दिष्टे व पद्धती :

इन्सुलिनच्या शोधातील विद्यार्थी सहायकांच्या कार्याचा आढावा घेणे आणि त्यातून संशोधनवर्षाच्या रचनेविषयी निष्कर्ष काढणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मुख्य आधार दुय्यम साधनांचा, विशेषतः मायकेल ब्लिस यांच्या १९८२ मधील इन्सुलिनविषयक ग्रंथाचा आहे.

विवेचन :

टोरांटो विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र या विषयांचा ऑनर्स अभ्यासक्रम होता. चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल हे त्याचे विद्यार्थी. शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख प्रा. जे. जे. आर. मॅक्लाउड हे शर्करा चयापचयाचे मान्यवर अभ्यासक होते. नोव्हेंबर १९२० मध्ये फ्रेडरिक बँटिंग हे तरुण शल्यचिकित्सक त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन आले. स्वादुपिंडाच्या नलिका बांधून टाकल्यास पाचकरस निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतील व उरलेल्या भागातून मधुमेहावर गुणकारी असा अंतःस्राव मिळेल, अशी ती कल्पना होती. बँटिंग यांना संशोधनाचा अनुभव नसल्याने मॅक्लाउड यांनी जागा, कुत्री आणि एक विद्यार्थी सहायक देण्याचे मान्य केले. उन्हाळ्याचे काम बेस्ट आणि क्लार्क नोबल यांनी वाटून घ्यावयाचे ठरले. प्रारंभ कोणी करावा हे नाणेफेकीने ठरले, असे सांगितले जाते. ती पाळी बेस्ट यांच्याकडे आली. काम सुरू झाल्यावर मध्येच सहायक बदलणे सोयीचे न वाटल्याने क्लार्क नोबल यांची पाळी आलीच नाही.

१७ मे १९२१ रोजी कामास प्रारंभ झाला. पदवीचे शिक्षण नुकतेच संपविलेले बेस्ट तेव्हा २२ वर्षांचे होते. शस्त्रक्रिया बँटिंग करीत. रक्त व मूत्रातील शर्करेचे मापन बेस्ट यांच्याकडे होते. विद्यार्थ्याचा वाटा असा मर्यादित, परंतु स्पष्ट होता. तोही सुरुवातीस निर्दोष नव्हता. बँटिंग यांच्या आठवणींनुसार, काचेची उपकरणे अस्वच्छ व द्रावणे सदोष आढळल्यावर त्यांनी बेस्ट यांना कठोर शब्दांत सुनावले. बेस्ट यांनी सर्व साहित्य स्वच्छ करून काम नव्याने मांडले. लोकप्रिय चरित्रांत या प्रसंगाला फारसे स्थान मिळत नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे. कारण पुढील प्रत्येक अनुमान याच मापनावर उभे राहणार होते.

३० जुलै रोजी स्वादुपिंड काढलेल्या एका कुत्र्यास अर्क टोचण्यात आला. तासाभरात त्याची रक्तशर्करा ०.२० टक्क्यांवरून ०.१२ टक्क्यांवर आली. ते कुत्रे फार काळ जगले नाही. तथापि निरीक्षण आशादायक होते. मॅक्लाउड त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते. ऑगस्टमध्ये त्यांनी पत्राने कळविले की निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी शंकेला जागा उरू नये यासाठी अधिक प्रयोग आवश्यक आहेत. बँटिंग यांना ही सावधगिरी पुढे अविश्वासासारखी वाटली आणि दोघांचे संबंध बिघडले. वस्तुतः नवशिक्या संशोधकांना अशा शंकेखोर मार्गदर्शकाची नितांत गरज असते.

वर्षअखेरपर्यंत नलिका बांधण्याची मूळ कल्पना अनावश्यक ठरली. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या संपूर्ण स्वादुपिंडापासून अल्कोहोलच्या साहाय्याने अर्क मिळू लागला. कल्पना मागे पडली, मोजमापे टिकली. डिसेंबर १९२१ मध्ये जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप या गटात सामील झाले. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या रुग्णास बँटिंग-बेस्ट यांचा अर्क दिला असता परिणाम असमाधानकारक ठरला. २३ जानेवारीस कॉलिप यांच्या शुद्ध अर्काने मात्र रक्तशर्करा ०.५२ टक्क्यांवरून ०.१२ टक्क्यांवर उतरली. एका उन्हाळ्यात दोघा तरुणांनी लावलेला शोध, ही प्रचलित समजूत म्हणूनच अपुरी आहे. विभाग, अनुभवी प्राध्यापक व शुद्धीकरण जाणणारा तज्ज्ञ यांच्याविना विद्यार्थ्याचे वर्ष फळाला आले नसते.

श्रेयाचा प्रश्न :

फेब्रुवारी १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या शोधनिबंधावर बँटिंग यांच्यासोबत बेस्ट यांचे नाव होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक मात्र बँटिंग व मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्ट यांना व मॅक्लाउड यांनी कॉलिप यांना दिला. बेस्ट पुढे १९२९ मध्ये त्याच विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे विभागप्रमुख झाले. क्लार्क नोबल यांचे नाव १९२२ च्या सामूहिक निबंधांत आढळते. पण लोकस्मृतीत ते राहिले नाही. १९५२ मध्ये जमैकातील एका रुग्णाकडून आलेली सदाफुलीची पाने त्यांनी आपले संशोधक बंधू रॉबर्ट यांच्याकडे पाठविली आणि त्यातून पुढे व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. आपल्या अंगणातील सदाफुलीशी निगडित असलेले हे नाव आपल्याला अपरिचित असावे, यातून श्रेयाची विषमता लक्षात येते.

निष्कर्ष :

१. संशोधनवर्षाचे यश शोध लागण्यावर मोजू नये. विद्यार्थ्याने एक मापन वा एक साधन विश्वासार्हपणे हाताळणे, हेच त्याचे पहिले फलित होय.

२. चूक दाखविणारा व निष्कर्षावर शंका घेणारा मार्गदर्शक अपरिहार्य आहे. नियमित भेटीशिवाय केवळ स्वाक्षरीपुरते मार्गदर्शन निष्फळ होय.

३. विद्यार्थ्याच्या श्रमाचे श्रेय कामाच्या आरंभीच लेखी निश्चित करावे.

४. प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयांनी जवळच्या संस्थांशी सहकार्य करावे, अथवा उपलब्ध साधनांना पेलतील असेच विषय द्यावेत.

या बाबी सांभाळल्या नाहीत तर चौथे वर्ष म्हणजे संकलित मजकुराच्या बांधीव प्रतींचे वर्ष होईल. टोरांटोतील विद्यार्थ्याला उपकरणे पुन्हा धुण्यास सांगणारे कोणीतरी होते. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ती भूमिका स्वीकारण्याची जबाबदारी अध्यापकांवर आहे.