लिंबू सोडा, तेल आणि 'तात्पुरती' परवानगी

परभणीच्या उन्हाळ्यात गाड्यावरचा लिंबू सोडा दोन मिनिटांत संपतो. बाटलीबंद लिंबू-संत्र्याच्या पेयाला मात्र महिनोन् महिने टिकायचं असतं, आणि तिथे अडचण येते घनतेची. संत्र्याच्या सालीच्या तेलाची घनता साधारण 0.84, साखरपाण्याची 1.04. त्यामुळे तेल वर येतं आणि बाटलीच्या गळ्याशी कडं धरतं.

यावर उपाय निघाला तो असा: वनस्पती तेलाला ब्रोमीन जोडायचं. हे जड तेल (घनता सुमारे 1.33) सालीच्या तेलात मिसळलं की थेंब साखरपाण्याइतकेच जड होतात आणि पेयभर पसरलेले राहतात. पण ब्रोमीन चरबीत साठतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. ब्रिटनने 1970 मध्ये बंदी घातली, भारताने 1990 मध्ये. अमेरिकेने 1970 मध्येच ते सुरक्षित यादीतून काढलं, पण पुढे 'तात्पुरती' परवानगी दिली. ती रद्द झाली थेट 2024 मध्ये!

आता बघा, पदार्थ तोच, तारखा तीन. मग पुरावा किती झाला की पुरे? याचं अर्धं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं, उरलेलं सरकारी नियमांत. म्हणून विषय निवडताना शोधनिबंधांच्या जोडीला नियमांचे कागदही वाचा.