लोकरी माव्याच्या साली आम्ही काय फवारलं



परवा शेजारचा पोरगा उसाचं पान घेऊन दारात आला. पानाच्या पाठीमागं मधल्या शिरेला लागून पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर. म्हणाला, "काका, ह्यो लोकरी मावाच हाय न्हवं? कुठलं औषध मारू?" पोरगा वीस वर्षांचा. ज्या साली ह्या माव्यानं आमची झोप उडवली त्या साली तो जन्मालाबी आला नव्हता. त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात हा मावा पहिल्यांदा दिसला. त्याच हंगामात तो आपल्या कोल्हापुरात आला, मग सातारा, सोलापूर, पुणे आणि खाली कर्नाटकातबी गेला. त्याआधी आमच्या भागात उसाचं दुखणं म्हणजे खोडकिडा, हुमणी आणि काणी. मावा ज्वारीवर, हरभऱ्यावर बघितलेला, पण उसावर असला पांढरा मावा आमच्या आण्णांनीसुद्धा बघितला नव्हता. तशी ही कीड जगाला नवी नव्हती. जावा बेटावर १८९७ सालीच तिचं शास्त्रीय नाव पडलं होतं. भारतात १९५८ मध्ये पश्चिम बंगालात तिची नोंद झाली, पुढं आसाम-नागालँडकडंबी ती होती. आपल्याकडं मात्र ती आली तेव्हा तिला खाणारं रानात फारसं कुणी नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

ह्या माव्याची मादी नराशिवाय, अंडी न घालता थेट जिती पिल्लं देते. आज पानावर चार दिसले तर पंधरवड्यात पान पांढरं होतं. रस शोषून मागनं चिकट गोड पाणी सोडतो, ते खालच्या पानावर पडतं आणि त्यावर काळी बुरशी चढते. मग ऊस वरनं बघितला तर चुलीच्या धुरात धरल्यासारखा काळा. फडात शिरलं की अंगाला चिकचिक. ढगाळ हवा, दमट वारं आणि युरियाचा डोस जादा असला की विचारू नका. वाढ्याबरोबर तो गावोगाव फिरला, म्हणून बाधित फडातलं वाढं बाहेर नेऊ नका असं तेव्हा सांगत होते. पण जनावरं दावणीला उपाशी असताना कोण ऐकतंय?

माझी तेव्हा सव्वादोन एकर आडसाली लावण होती, जुलै २००२ ची. थंडीत पहिले पट्टे दिसले. ऊस अजून छातीएवढा होता, पाठीवरचा पंप चालत होता. दुकानात गेलो. दुकानदारानं तीन बाटल्या मांडल्या. मिथाईल डिमेटॉन आणि डायमेथोएट ही आंतरप्रवाही, म्हणजे पानात मुरून रसातनं किडीच्या पोटात जाणारी. मॅलॅथिऑन स्पर्शजन्य, अंगावर पडलं तरच मारणारं. शिवाय दाणेदार फोरेट आणि एन्डोसल्फान होतंच. मी विचारलं, "जालीम कुठलं?" फक्त एवढंच विचारलं. कशावर चालतं, किती दिवस राहतं, आणखी कुणाला मारतं, ह्यातलं एकही विचारलं नाही. दोन औषधं एकत्र करून मारली. चार दिवसांत मावा काळा पडून गळाला. गावात मी हुशार ठरलो.

महिन्यानं मावा परत आला. परत मारलं.

२००३ चा पाऊस दगा देऊन गेला आणि दिवाळीच्या सुमाराला मावा पहिल्यापेक्षा जोरात आला. आता ऊस डोक्याच्या वर, काही ठिकाणी लोळलेला. पंप घेऊन आत शिरायचं तर पानाच्या करवती तोंडाला, आणि औषध आपल्याच अंगावर. ज्यांनी फवारलं त्यांनी बहुतेक पानाच्या वरच्या अंगाला फवारलं, मावा खालच्या अंगाला. त्यात त्याच्या अंगावरच्या मेणावरनं पाणी ओघळून जायचं. कुणी भुकटी धुरळली, कुणी दाणेदार औषध सरीत टाकून पाणी दिलं. मी लांब नळीचा पंप भाड्यानं आणला. फवारायच्या आदल्या दिवशी पान उलटून बघितलं तर माव्याच्या थरात जाळी करून बसलेल्या हिरवट-काळपट बारक्या अळ्या. मला वाटलं, आता अळीबी पडली! म्हणून औषधाचा डोस दीडपट केला.

ती अळी डायफा होती. डायफा अॅफिडिव्होरा, तेव्हा तिला कोनोबाथ्राबी म्हणायचे. लोकरी मावा हेच तिचं जेवण. उसाच्या पानाला ती तोंडसुद्धा लावत नाही. मी पैसे मोजून तिला मारलं.

बांधाला बांध असलेल्या तात्यांच्या फडात एकदाही फवारा झाला नव्हता. आम्ही त्यांना आळशी म्हणायचो. डिसेंबरात त्यांच्या उसावर मावा वाळून पांढरी सालटं लोंबत होती आणि नवा पाला स्वच्छ येत होता. माझ्यात मावा जिवंत. मी विचारलं तर तात्या म्हणाले, "पैसं न्हाईत म्हणून फवारलं न्हाई रं, दुसरं काय?" नंतर गावात बैठक झाली, तिथं एका कृषी अधिकाऱ्यांनी भिंगाखाली ती अळी आणि मायक्रोमस नावाच्या तपकिरी जाळीदार पंखांच्या किड्याचं पिल्लू दाखवलं. तिथं मी मान खाली घालून बसलो होतो. तात्या पुढच्या रांगेत.

पुढं शिफारसच बदलली. हेक्टरी डायफाच्या १००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडा, आणि त्या सोडल्या की फवारणी बंद ठेवा. आसामातनं एन्कार्शिया नावाची बारकी गांधीलमाशीची जातपण आणून सोडली. आम्ही शेतकऱ्यांनी तात्यांच्या फडातली अळ्यांची, कोषांची पानं कापून दुसऱ्यांच्या उसाला टाचली. एक-दोन हंगामांत मावा आटोक्यात आला. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. राज्याचं साखर उत्पादन २००२-०३ ला ६२ लाख टनांच्या आसपास होतं, ते २००४-०५ ला २२ लाख टनांच्या आसपास आलं. ह्यात मोठा वाटा दुष्काळाचा, हे कबूल केलं पाहिजे. सगळं माव्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

पानावरचा मावा निदान डोळ्याला तरी दिसतो. मुळावरचा मावा त्याहून अवघड, कारण झाड पिवळं पडेपर्यंत कळतच नाही. भाताच्या मुळावरचा एक मावा अमेरिकेत बंद खोलीत, दिव्याखाली घेतलेल्या गांजाच्या मुळाला लागतो. आपल्याकडं ते पीक १९८५ च्या कायद्यात अडकतं, म्हणून आपला तो प्रश्न नाही. पण अडचण बघा: माल ओढायचा, म्हणजे औषधाचा अंश थेट छातीत. म्हणून तिकडं फार थोडी रसायनं चालतात आणि लोक मित्रबुरशीकडं वळतात. फ्रान्समध्ये दीडशे वर्षांपूर्वी द्राक्षाच्या मुळांना माव्याचं चुलत भावंड फायलोक्झेरा लागलं. १८६८ मध्ये प्लांशाँ ह्या शास्त्रज्ञानं ते मुळावर ओळखलं. लोकांनी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचलं, सरकारनं उपायासाठी तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. शेवटी बाग वाचली ती अमेरिकन खुंटावर कलम करून. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आमच्या सांगली-तासगावची मंडळी डॉगरीज खुंटावर द्राक्ष लावतात तो खुंटबी अमेरिकेकडचाच, पण ते खारट जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी.

आणि त्या दुकानातल्या जालीम औषधांचं काय झालं? एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०११ ला बंदी घातली. फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झालं. हुमणीला आमचे आण्णा जी बीएचसी पावडर हातानं विस्कटायचे, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता, ती १९९७ ला बंद झाली. जे आज बाटलीत आहे ते उद्या राहीलच असं नाही, म्हणून लेबलावर आपलं पीक आणि आपली कीड छापली आहे का, ते आधी वाचा. मिसळून मारायचं असेल तर दहादा विचार करा.

त्या पोराचं पान मी उन्हात धरून भिंगानं बघितलं. मावा होता, वीतभर पट्टा. त्यात डायफाची एक अळी आणि मेलेल्या माव्याची सालटं. त्याला म्हटलं, प्लॉटच्या चार कोपऱ्यांतनं आणि मधनं पंचवीस पानं उलटून बघ, किती पानांवर मावा आणि किती पानांवर अळी ते वहीत लिही. अळी नसलेला कोपरा असला तर तेवढ्यालाच काय करायचं ते मग ठरवू. युरियाची दुसरी मात्रा थांबव. आणि रविवारपर्यंत दुकानात जाऊ नको.

रविवारी त्याच्या रानात जाणार आहे. फोटो टाकतो.